२,१४,७४,८३,६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७ (अक्षरी : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही २,१४,७४,८३,६४६ नंतरची आणि २,१४,७४,८३,६४८ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला असता ती मिळते. म्हणून ती २^३१ − १ अशीही लिहितात (येथे ^ ही खूण घातासाठी वापरली आहे). ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज तिला कोणताही विभाजक नाही. १७७२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी हे सिद्ध केल्याचे कळवले आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती माणसाला ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. आजच्या वाचकाला मात्र ती बहुधा संगणकाच्या निमित्ताने भेटते, कारण ३२ बिटांमध्ये चिन्हासह साठवता येणारी ती सर्वांत मोठी पूर्णांक संख्या आहे. या दोन ओळखींचा एकमेकींशी संबंध किती, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पुढे येईल.

स्वरूप

एका दाण्यापासून आरंभ करून बुद्धिबळाच्या पटावरील प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवण्याची कथा सर्वपरिचित आहे. पहिल्या ३१ घरांतील दाणे एकत्र मोजले, तर ते बरोबर २,१४,७४,८३,६४७ भरतात, म्हणजे अर्ध्या पटाला एक घर कमी. द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिताना एकापुढे एक असे ३१ एक मांडावे लागतात. त्यांत शून्य एकही नसते. ब्रह्मदेवाचा मनोरा किंवा हनोईचा मनोरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोड्यात ३१ चकत्या असतील, तर त्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेण्यास कमीत कमी इतक्याच खेळी लागतात. दर सेकंदाला एक खेळी केली, तर न थांबता ६८ वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. हे कोडे १८८३ मध्ये प्रसिद्ध करणारे फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांचे नाव या लेखात पुन्हा येणार आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दशगुणोत्तर संख्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत अब्ज हे दहाच्या नवव्या घाताचे नाव आहे. मराठीत ते त्याच अर्थाने आजही रूढ असल्याने ही संख्या अक्षरांत लिहिण्यास कोणताही नवा शब्द घडवावा लागत नाही.

मूळ आहे की नाही?

२^न − १ या रूपाची संख्या मूळ असण्यासाठी न हा घातांक स्वतः मूळ असावा लागतो. न = अ × ब असेल, तर २^अ − १ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ, १५ हा ३ व ५ यांचा गुणाकार असल्यामुळे २^१५ − १ म्हणजे ३२,७६७ ला ७ व ३१ या दोन्ही संख्यांनी भाग जातो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही, आणि नेमका येथेच अनेकांचा पाय घसरला आहे. ११ मूळ असूनही २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९ ही संयुक्त आहे.

इटालियन गणितज्ञ पिएत्रो काताल्दी यांनी २^१७ − १ = १,३१,०७१ आणि २^१९ − १ = ५,२४,२८७ या संख्या मूळ असल्याचे दाखवले. त्यांची पद्धत सरळ होती : संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावयाचे. ५,२४,२८७ चे वर्गमूळ ७२४ च्या आसपास आहे आणि काताल्दींपाशी ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांचे कोष्टक होते, त्यामुळे काम भागले. पुढे मात्र त्यांनी २३, २९, ३१ व ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात, असे पडताळणीविना सांगून टाकले. त्यांपैकी २३ व ३७ फर्मा यांनी १६४० मध्ये खोडून काढले : २^२३ − १ = ८३,८८,६०७ = ४७ × १,७८,४८१, तर २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो. २९ चे पितळ ऑयलर यांनी १७३८ मध्ये उघडे केले; २^२९ − १ = ५३,६८,७०,९११ = २३३ × १,१०३ × २,०८९. चारांपैकी तीन दावे चुकीचे निघाले आणि राहिला तो ३१.

दरम्यान १६४४ मध्ये फ्रान्समधील धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांनी २५७ पर्यंतच्या अशा घातांकांची यादी प्रसिद्ध केली होती : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७. यादीवरूनच या प्रकारच्या संख्यांना मर्सेन संख्या हे नाव मिळाले. पुढे तिच्यातील ६७ व २५७ चुकीचे ठरले, आणि ६१, ८९ व १०७ हे घातांक तिच्यातून निसटल्याचेही आढळले. मर्सेन यांनी ३१ बरोबर सांगितला हे खरे. परंतु ज्या यादीत ६७ ही आहे, त्या यादीत नाव असणे म्हणजे पुरावा नव्हे. इतक्या मोठ्या संख्यांची तपासणी त्या काळी कोणाच्याही आवाक्यात नव्हती, आणि स्वतः मर्सेन यांनीही तसा आव आणला नव्हता.

ऑयलर यांची पडताळणी

२,१४,७४,८३,६४७ चे वर्गमूळ ४६,३४० हून थोडे अधिक आहे. काताल्दींच्या मार्गाने जावयाचे, तर ४६,३४० पर्यंतच्या सर्व, म्हणजे सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलर यांनी हे श्रम टाळले. त्यांचा युक्तिवाद शालेय बीजगणिताच्या थोडासाच पलीकडचा आहे, म्हणून तो येथे विस्ताराने देणे योग्य होईल.

समजा, प ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. म्हणजेच २^३१ ला प ने भागल्यास बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ असे २ चे घात ओळीने घेऊन प्रत्येकाला प ने भागत गेल्यास बाक्यांचे एक चक्र तयार होते. बाकी १ आली की चक्र पूर्ण होते आणि पुन्हा त्याच बाक्या त्याच क्रमाने येऊ लागतात. ३१ व्या घाताला बाकी १ येते, त्या अर्थी चक्राच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ मूळ असल्याने ही लांबी १ किंवा ३१ एवढीच असू शकते. ती १ असेल, तर २ ला प ने भागून बाकी १ उरली पाहिजे, आणि असे कोणत्याही मूळ संख्येबाबत घडत नाही. म्हणून लांबी ३१ च. दुसरीकडे, फर्मा यांच्या लघुसिद्धांतानुसार २ च्या (प − १) व्या घातालाही प ने भागल्यास बाकी १ च उरते; म्हणून प − १ ही संख्या चक्राच्या लांबीच्या, म्हणजे ३१ च्या पटीत असली पाहिजे. प विषम आहे, तेव्हा प − १ सम. यावरून प − १ ला ६२ ने भाग जातो.

एवढ्यानेच बहुतेक मूळ संख्या बाद होतात, परंतु ऑयलर आणखी एक पायरी पुढे गेले. २^३१ ला प ने भागून बाकी १ उरत असेल, तर २^३२ ला भागून बाकी २ उरेल. २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे एका पूर्ण वर्गाला प ने भागून बाकी २ उरते. आणि ही गोष्ट ज्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते, त्यांच्याच बाबतीत शक्य असते. दोन्ही अटी एकत्र केल्या, तर प ला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरली पाहिजे. (२४८ हा ८ व ३१ यांचा गुणाकार आहे.)

अशा संख्या ४६,३४० पर्यंत किती आहेत? पहिल्या प्रकारच्या, १ वगळून, १८६ आणि दुसऱ्या प्रकारच्या १८७. त्यांतील ६३ ही उघडच संयुक्त असल्याने ती सोडल्यास ३७२ उरतात. त्यांच्यातही बहुतेक संयुक्तच आहेत : ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १,०५५, १,२४१, १,३०३, १,४८९ या पहिल्या बारा संख्यांत ३११, १,३०३ व १,४८९ या तीनच मूळ आहेत. म्हणजे हजारो भागाकारांच्या जागी काही मोजके भागाकार उरले.

पहिला भागाकार वाचकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, स्वतः करून पाहावा. त्यासाठी दहा अंकी संख्या घेऊन बसण्याचीही आवश्यकता नाही. २^१० = १,०२४ ला ३११ ने भागल्यास बाकी ९१ उरते. तिचा वर्ग ८,२८१. त्याला ३११ ने भागून बाकी १९५, ही २^२० ची बाकी झाली. १९५ × ९१ = १७,७४५ ला भागून बाकी १८, ही २^३० ची. तिची दुप्पट ३६, आणि त्यातून १ वजा केल्यास ३५. बाकी शून्य नाही, म्हणून ३११ हा विभाजक नव्हे. उरलेल्या सर्व मूळ संख्यांबाबतही असेच आढळले आणि संख्या मूळ ठरली. बर्नूली घराण्यातील एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात ऑयलर यांनी हा निष्कर्ष कळवला. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्ग येथे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती.

शंभर वर्षांनंतर, १८७६ मध्ये, ल्युका यांनी भागाकारांवर अवलंबून नसलेली कसोटी शोधून काढली. तिला १९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेमर यांनी आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ या संख्येपासून आरंभ करावा. तिचा वर्ग करून २ वजा करावेत व उत्तराला दिलेल्या मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करावी. घातांक ३१ असल्यास २९ आवर्तनांनंतर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. ल्युका यांनी आपल्या पद्धतीने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. याच कसोटीने २^६७ − १ ही संयुक्त ठरली, मात्र तिचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी शोधेपर्यंत अज्ञातच होते.

परिपूर्ण संख्या आणि बार्लो यांचे भाकीत

ज्या संख्येच्या, ती स्वतः वगळता, सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ (१ + २ + ३) आणि २८ (१ + २ + ४ + ७ + १४) ही परिचित उदाहरणे. २^न − १ मूळ असेल, तर तिला २^(न − १) ने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिड यांनी सिद्ध केले. आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असते, हे ऑयलर यांनी. त्यामुळे २,१४,७४,८३,६४७ मूळ ठरताच आठवी परिपूर्ण संख्याही हाती आली : २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८.

इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ च्या आपल्या अंकशास्त्रावरील ग्रंथात या एकोणीस अंकी संख्येचा उल्लेख करून असे मत नोंदवले की, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कोणाला सापडणार नाही. कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे पुढची शोधण्याच्या खटाटोपात कोणी पडणार नाही. विधानाचा पहिला भाग ल्युका यांच्या १८७६ च्या शोधाने निकालात निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या २^१३,६२,७९,८४१ − १ ही आहे आणि ती लिहिण्यास चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक लागतात. बार्लो यांना दोष देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, भागाकार करणाऱ्या माणसाच्या शक्तीचा त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. भागाकाराशिवायही मार्ग असू शकतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

घातांकही मर्सेन

३१ ही स्वतः २^५ − १ आहे, म्हणजे मर्सेन मूळ संख्या. ज्यांचा घातांकही मर्सेन मूळ संख्या आहे अशा संख्यांना दुहेरी मर्सेन संख्या म्हणतात. त्यांपैकी ७, १२७, २,१४,७४,८३,६४७ आणि २^१२७ − १ या चारच मूळ असल्याचे ज्ञात आहे. ही साखळी पुढे अशीच चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २,१४,७४,८३,६४७ हाच घातांक घेतला, तर मिळणारी चौसष्ट कोटींहून अधिक अंकांची संख्या संयुक्त आहे. तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो. हा विभाजकही ऑयलर यांच्या नियमाला धरूनच आहे : त्यातून १ वजा केल्यास २,१४,७४,८३,६४७ ची बरोबर १,३७,४९० पट मिळते.

संगणकातील मर्यादा

संगणकात पूर्णांक साठवण्यासाठी दीर्घकाळ ३२ बिटांची जागा वापरली गेली. त्यांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी खर्च होतो; उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त ३१ एक मावतात. म्हणून कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. ती मूळ आहे की नाही, याच्याशी या मर्यादेचा काहीएक संबंध नाही. ८ बिटांची मर्यादा १२७ मूळ आहे, १६ बिटांची ३२,७६७ संयुक्त आहे, आणि ६४ बिटांची ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ हीदेखील संयुक्त आहे. ६३ ला ३ ने भाग जात असल्याने तिला ७ ने भाग जातो. ३१ हा घातांक मूळ संख्या देणारा निघाला, हा केवळ योगायोग आहे.

मर्यादा गाठल्यावर १ मिळवला, तर बहुतेक यंत्रांत चिन्हाचा बिट बदलतो आणि उत्तर −२,१४,७४,८३,६४८ असे येते. वाहनाच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रावर सर्व नऊ झाल्यानंतर सर्व शून्ये यावीत, तसाच हा प्रकार. फक्त येथे शून्याऐवजी मोठी ऋण संख्या उमटते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडल्याने मोजणी ६४ बिटांची करावी लागल्याचे यूट्यूबने जाहीर केले. ते प्रकरण गमतीचे होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने बोइंग ७८७ विमानांबाबत काढलेला आदेश मात्र गमतीचा नव्हता. वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनित्रांच्या नियंत्रकांतील गणक ओसंडून सर्व जनित्रे एकाच वेळी बंद पडू शकतात, असे त्यात म्हटले होते. सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरल्यास २,१४,७४,८३,६४७ एकके सुमारे २४८.५५ दिवसांत भरतात, तेव्हा हिशेब जुळतो. ऑयलर यांच्या नियमातील २४८ शी या २४८ चे नाते जोडण्याचा मोह मात्र आवरावा. तसे काही नाते नाही.

२०३८ चा प्रश्न

युनिक्स परंपरेतील संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजून वेळ ठरवतात. ही मोजणी ३२ बिटांत असेल, तर ती मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ वाजता, मर्यादा गाठेल. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राचे घड्याळ १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवील. वर उल्लेखिलेला ३१ चकत्यांचा मनोरा त्या १९७० च्या मध्यरात्री हलवावयास घेतला असता, तर त्याची शेवटची खेळी नेमकी याच क्षणी झाली असती.

नव्या संगणकांत वेळ ६४ बिटांत मोजली जाते आणि त्यांना ही अडचण नाही. चिंता आहे ती एकदा बसवून विसरून गेलेल्या जुन्या नियंत्रकांची, मोजयंत्रांची आणि ३२ बिटांत तारीख लिहून ठेवणाऱ्या संचिकांची. शिवाय भविष्यातील तारखा हाताळणाऱ्या प्रणालींना २०३८ ची वाट पाहावी लागत नाही. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा हप्ता आज मांडतानाही ती तारीख ओलांडली जाते.

यादृच्छिक संख्या

ही संख्या मूळ असण्याचा प्रत्यक्ष उपयोग संगणकात आणखी एका ठिकाणी होतो. खेळ, नमुना-पाहणी, प्रयोगांची अनुकरणे यांसाठी क्रमहीन भासणाऱ्या संख्या लागतात. त्या निर्माण करण्याची एक जुनी रीत लेमर यांची, म्हणजे मर्सेन संख्यांची कसोटी सुटसुटीत करणाऱ्या त्याच गणितज्ञांची आहे : हाती असलेल्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणावे, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागावे आणि बाकी ही पुढची संख्या मानावी. स्टीफन पार्क व कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जा म्हणून सुचवलेल्या रूपात गुणक १६,८०७ आणि भाजक २,१४,७४,८३,६४७ आहे. १ पासून आरंभ केल्यास १६,८०७, नंतर २८,२४,७५,२४९, नंतर १,६२,२६,५०,०७३, नंतर ९८,४९,४३,६५८ असा क्रम मिळतो.

भाजक मूळ असल्यामुळे योग्य गुणक निवडल्यास १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच येऊन गेल्यावरच क्रमाची पुनरावृत्ती होते. ७ हा असा गुणक आहे. २,१४,७४,८३,६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१; या अवयवांत ५ नाही, म्हणून ७ चा पाचवा घातही तोच गुण टिकवतो, आणि ७^५ = १६,८०७. ७ हा गुणक फार लहान असल्याने लहान संख्येनंतर लहानच संख्या येते. पाचव्या घाताने हा दोष पुष्कळ कमी होतो. तरीही हाती आलेल्या एका संख्येवरून पुढच्या सर्व संख्या काढता येत असल्यामुळे गुप्तलेखन किंवा परवलीचे शब्द यांसाठी ही रीत वापरत नाहीत.